डोळ्याची उंची

एकोणतीस वर्षं आमच्या बाथरूममध्ये
आरशाच्या डोक्यावर एकच ट्यूब होती,
टाळूवरून तांब्याने ओतावा तसा उजेड.
कपाळ लख्ख, नाकाखाली मिशीएवढी सावली,
आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे.
मी समजत होते, वय.

आरसाही ह्यांच्या मापाने टांगलेला. हे सहा फूट एक.
मी त्यात नाकापर्यंतच,
चवड्यांवर उभी राहिले तर हनुवटी.
खालचं सगळं अंदाजाने.

महारानी रोडवर वायरींच्या भेंडोळ्यांतून वाट काढत
एकटीच गेले. दुकानदार म्हणाला, हे घ्या,
आरशाभोवती बारा बल्ब, बटण दाबलं की
नटीची खोली.
मला रोज नाटक नाही करायचं, मी म्हटलं,
टिकली मधोमध लागली म्हणजे झालं.

मग त्याने तीन उजेड लावून दाखवले.
मी मनगट पुढे केलं.
पहिल्यात ते पिवळं, काविळीचा संशय यावा असं.
दुसऱ्यात निळसर, तपासणीच्या टेबलावरचं.
तिसऱ्यात शीर शिरेच्या रंगाची,
तव्याचा जुना डाग डागाच्या रंगाचा,
आणि बांगडीखाली सकाळची वाळलेली कणीक.
हा काही लपवत नव्हता,
काही चघळतही नव्हता.
हाच द्या.

दोन नळ्या, दुधी काचेच्या, हातभर लांब.
रिक्षात मांडीवर आडव्या धरून आणल्या,
राजेंद्र नगरच्या प्रत्येक गतिरोधकाला श्वास रोखून.

रविवारी मुबारिक आला.
हे म्हणाले, वरच लाव, वायर तिथे आहेच,
टाइल कशाला फोडायची.
मुबारिकने ड्रिल बादलीवर ठेवलं.
"बाबूजी, लाइट शीशे पे नहीं, मुँह पे पड़ना चाहिए.
ऊपर से डालोगे तो शरीफ आदमी भी चोर लगता है.
दोनों बाजू, आँख के बराबर."
टेपचं टोक बुटाने जमिनीला दाबून त्याने विचारलं,
"किसकी आँख?"

अडीच बाय दीड मीटरची जागा, तीन माणसं, आणि हा प्रश्न.
बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीभर फिरून परत आलं.
ह्यांचा हात आपल्या डोळ्याकडे निघालाच होता,
सवयीने, कुणी फोटो काढताना
उंच माणूस मधे जाऊन उभा राहतो तसा.
मुबारिकची पेन्सिल टाइलवर उमटेना.

मी कपाळावरची टिकली काढली
आणि आरशाशेजारी भिंतीला लावली,
डोळ्याच्या रेषेत, अंगठ्याने दाबून.
इथे.

सत्तावन्न इंच, मुबारिकने वाचलं.
"फिर शीशा भी नीचे लूँ?"
कुणीतरी म्हणालं, घे.
ती मी नव्हते.

संध्याकाळी दार लावून दोन्ही नळ्या पेटवल्या.
खळगे नव्हते. डोळे होते, थकलेले, पण डोळेच.
आणि हनुवटीखाली दोन पांढरे केस,
ज्यांची खबर इतक्या वर्षांत
वरच्या मजल्यावरून कधी आली नव्हती.
चिमटा शोधला. एक उपटला.
एक तसाच ठेवला, का ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हे गुडघ्यांत वाकून दाढी करत होते.
पाठीचं काय होईल, असं आरशालाच म्हणाले.
मी चहा घेऊन दारात.
अर्धा गाल फेसात, मान तिरकी,
बोट कानाखालच्या खोबणीत थांबलेलं.
"इथे रोज राहत होती का गं?"

राहत होती. रोज. बँकेत जाताना, लग्नाकार्यांत,
मुलाच्या पदवीच्या फोटोतही आहे,
कानाखाली राखाडी शेताचा एक बांध.
मला वाटायचं,
त्यांना दिसत असेल.